शर्टावर उडालेलं सूप अन् 'व्हेज'मधलं अंडं

प्रश्न : ताई, मुलगा-सून मेलबर्नला असतात. मागच्या जूनमध्ये आम्ही दोघं गेलो होतो, इकडे घामाच्या धारा आणि तिकडे दोन-दोन स्वेटर. एका शनिवारी मुलगा आम्हाला एका इवल्याशा चायनीज डम्पलिंगच्या दुकानात घेऊन गेला, आठ-दहा टेबलं असतील नसतील पण बाहेर ही लाईन. आत गेलो तर दुसऱ्याच कुटुंबाच्या टेबलावर बसवलं, बाईनं प्लेटा आदळल्या, हसणं नाही की बोलणं नाही. मी सगळं खाते, म्हणून एक गोलसर डम्पलिंग उचललं आणि समोशासारखा घास घेतला, तर आतून कढत रस्सा उडाला तो थेट यांच्या शर्टावर, माझी जीभ भाजली ती वेगळीच. हे शुद्ध शाकाहारी. यांनी मेनूत 'व्हेजिटेरियन' वाचून मागवलं, आणि अर्धी प्लेट संपल्यावर सून म्हणते, बाबा यात अंडं दिसून राहिलं. झालं, तिथंच चमचा खाली, घरी येऊन दहीभात. आता नोव्हेंबरमध्ये परत जायचं आहे, नातवाला तेच दुकान लागतं आणि हे म्हणतात मी पाय ठेवणार नाही. फसवलं का हो आम्हाला? काय मागवायचं, कसं खायचं, टिप द्यावी लागते का?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : फसवलं नाही ताई, पण भाऊजींचा राग मला पटतो. आपल्याला पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याची सवय झाली आहे, 'व्हेज' म्हटलं की अंडं नाही हे आपण गृहीतच धरतो. तिकडे व्हेजिटेरियन म्हणजे मांस-मासे नाही, एवढंच. अंडं त्यात खुशाल चालतं. त्यात चिनी डम्पलिंगमधलं एक अगदी घरगुती सारण म्हणजे लसणाच्या वासाची ती चपटी हिरवी पात आणि बारीक केलेलं अंड्याचं आम्लेट, ते हमखास व्हेजच्या रांगेत छापलेलं असतं. कधीकधी त्याच सारणात चवीला सुकटीसारखी वाळलेली कोलंबी पण टाकतात, म्हणजे बोंबलाच. आणि भाज्यांवर ऑयस्टर सॉस येतो, तो कालवांचा, दिसायला आपला सोया सॉसच वाटतो.

म्हणून 'व्हेज आहे का' असं विचारूच नका, त्याला ते हो म्हणणारच. एकेक वस्तूचं नाव घेऊन विचारा : अंडं आहे का, सुकी कोलंबी आहे का, ऑयस्टर सॉस आहे का. ऑस्ट्रेलियात अंडं, मासे, कोलंबी, कालवं, तीळ, सोया हे सगळं अ‍ॅलर्जीच्या यादीत येतं, त्यामुळे गिऱ्हाइकानं विचारलं तर हॉटेलवाल्याला सांगावंच लागतं, कायदाच आहे तसा. मुलाला सांगून फोनवर चिनी भाषेत चार ओळी लिहून ठेवायच्या, मांस नको, मासा नको, अंडं नको, आणि ती स्क्रीन दाखवायची, बोलायचं कामच नाही. भाऊजींसाठी कोबी-टोफू-मशरूम-काचेसारख्या पारदर्शक शेवया (ग्लास नूडल्स) या सारणाचं बघा. चिनी बौद्ध मंडळींची स्पेशल शाकाहारी हॉटेलं मिळाली तर सोन्याहून पिवळं, तिथं कांदा-लसूण पण वर्ज्य असतो, चातुर्मासवाल्यांची सोयच झाली म्हणा ना. बाकी साध्या दुकानात उकळायचं पातेलं एकच असतं, मटणाचं आणि भाजीचं त्याच पाण्यात, एवढं भाऊजींना आधीच सांगून टाका, नाहीतर परत दहीभात.

आता तुमच्या रश्श्याचं. तुम्ही खाल्लं ते शांघायकडचं शियाओलोंगबाव असणार. त्यात रस्सा भरत नाहीत, भरता येतच नाही. डुकराच्या कातडीचा स्टॉक आटवतात, तो थंड झाला की जेलीसारखा थिजतो, तीच जेली कापून सारणात मिसळतात आणि वाफ लागली की आतल्या आत परत रस्सा होतो. (म्हणजे सूपवालं डम्पलिंग व्हेजमध्ये शोधू नका, आणि डुक्कर चालत नसेल तर तुम्ही पण आधी विचारत जा.) खायचं कसं, तर गाठीजवळ अलगद उचलायचं, चमच्यात ठेवायचं, कडेला दातानं एवढंसं भोक पाडून आधी रस्सा सुर्रकन ओढायचा, मग आल्याचे धागे टाकलेल्या काळ्या व्हिनेगरमध्ये बुडवून बाकीचं तोंडात. आवाज झाला तर कोणी बघत नाही. माझी भाची मेलबर्नच्याच बॉक्स हिल भागात राहते, तिच्याकडे गेले तेव्हा पहिल्यांदा माझी पण साडी गेली होती, तेव्हापासून मी छातीवर नॅपकिन बांधूनच बसते, लाज कसली.

काड्या (चॉपस्टिक्स) जमत नसतील तर सरळ फोर्क मागा. फक्त काड्या भातात उभ्या खोचून ठेवू नका, त्यांच्याकडे ते मेलेल्या माणसापुढे लावलेल्या उदबत्त्यांसारखं दिसतं. आणि उकडलेल्या डम्पलिंगसोबत वाटीत पांढुरकं पाणी दिलं तर ते हात धुवायचं नाही बरं, ज्यात डम्पलिंग शिजले तेच पाणी आहे, उत्तर चीनचे लोक शेवटी ते पितात, पचायला चांगलं म्हणतात. आपल्या पेजेचीच बहीण.

राहिलं प्लेटा आदळणं. ताई, तुम्ही नागपूरच्या ना, सावजीत कधी कोणी हसून वाढलंय का तुम्हाला? बसा, रस्सा घ्या, भाकर घ्या, उठा, मागचा उभा आहे. तसंच आहे ते. दहा टेबलांचं दुकान, मागे दोन-तीन जण सकाळपासून पाऱ्या लाटून राहिले, त्यांचं पोट टेबल किती वेळा रिकामं होतं त्यावर. अनोळखी लोकांसोबत बसवणं पण त्यातलंच, नुसती मान हलवायची आणि आपलं खायचं. टिप द्यायची तिथं रीत नाही, दिली नाही म्हणून कोणी मागे धावणार नाही. मात्र कार्डावर थोडा चार्ज आणि सुट्टीच्या दिवशी वेगळा सरचार्ज लावतात, तो दारावर किंवा मेनूच्या तळाशी बारीक अक्षरात असतो, वाचून घ्या. खाणं झालं की काउंटरवर जाऊन पैसे द्यायचे, बिलाची वाट बघत बसलात तर बसूनच राहाल.

आणि भाऊजींना एक दिवस लिटल बर्क स्ट्रीटला फिरवून आणा. १८५० च्या दशकात तिकडे सोनं सापडलं तेव्हा चिनी लोक जहाजं भरभरून आले, त्यांची वस्ती त्या गल्लीत झाली आणि तेव्हापासून ते चायनाटाऊन तिथंच आहे. नुसतं बघायला तर काही अंडं लागत नाही.

प्रश्न : आम्ही फुटाळ्यावर मोमो खातो. डम्पलिंग तेच ना? मग कौतुक काहून एवढं?
— कॉलेजवाला, गोकुळपेठ

उत्तर : भाऊ, नात्यातलेच आहेत पण एक नाही. मोमो तिबेट-नेपाळकडचा, आणि आपल्याकडच्या गाड्यावर तो लाल चटणी आणि मेयोनीजच्या जीवावर चालतो, खरं सांग चटणी काढली तर किती खाशील? तिकडे सॉस नावापुरता, सगळं कसब पारी आणि सारणात. चिनी जिआओझीत, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या डम्पलिंगमध्ये, उकडलेले वेगळे, तव्यावर एका बाजूनं खरपूस केलेले वेगळे, आणि कँटनकडचे कोलंबीचे पारदर्शक, ते तर गव्हाच्या नुसत्या स्टार्चचे. मंचुरियन मात्र तिथं मागू नको, ते १९७५ मध्ये मुंबईत नेल्सन वाँग यांनी काढलं असं सांगतात, चीनला त्याचा पत्ता नाही. मेलबर्नचं पण असंच एक आहे, 'डिम सिम', कोबी-मटणाचा जाडजूड गोळा, तळून किंवा वाफवून, तो १९४० च्या दशकात तिथंच जन्मला. जिथं जातील तिथल्यासारखे होतात हे लोक.

प्रश्न : डम्पलिंग घरी करून पाहिले, पाण्यात टाकले की फुटतात. काय चुकून राहिलं?
— एक गृहिणी, मानेवाडा

उत्तर : दोन गोष्टी बघा. उकळायचे असतील तर मैदा गार पाण्यात घट्ट भिजवा आणि अर्धा तास झाकून ठेवा. वाफवायचे किंवा तव्यावर करायचे असतील तर गरम पाण्यात, मग पारी मऊ होते पण उकळत्या पाण्यात ती टिकत नाही, तुमचं बहुतेक इथंच चुकलं. दुसरं म्हणजे कोबी. चिरून मीठ लावा, पंधरा मिनिटांनी फडक्यात घट्ट पिळा, नाहीतर सारणाला पाणी सुटतं आणि कडा चिकटतच नाहीत. पारी दिंडाच्या पुरीएवढी नको, त्याहून बरीच लहान, मधे जाड आणि कडेला पातळ. आपल्या एप्रिल-मेमध्ये तर ओल्या फडक्याखालून एकेकच काढा, दोन मिनिटांत कडंग होते. पाणी उकळलं की सोडा, परत उकळी आली की पाव वाटी गार पाणी, असं तीनदा, तिसऱ्यांदा वर तरंगले की झाले. आणि काळं व्हिनेगर इथं ऑनलाईनच मागवावं लागतं. येईपर्यंत साधं व्हिनेगर, सोया सॉस आणि चिमूटभर साखर चालवून घ्या, तेच नाही पण काम भागतं.