मंदी आली की बंदर कंपन्या पर्यावरणाचा खर्च आधी छाटतात, हे गृहीतक प्रकल्पात चालेल का?

एमबीएच्या प्रकल्पाला हा विषय घेतलाय, तर कोल्हापुरात बसून बंदरांचं काय लिहायचं, असंही तुम्ही विचारलंय. आधी गृहीतकाचं बघू. ते सरसकट मांडलंत तर व्हायवात अडकाल.

मी आधी एका बंदराच्या पर्यावरण विभागात होतो, आता शिरोली एमआयडीसीत फौंड्र्यांची प्रदूषण मंडळाची कामं बघतो. दोन्हीकडे अनुभव सारखाच. कायद्यानं मागितलेलं टिकतं. पर्यावरण मंजुरीच्या अटींचा सहामाही अहवाल 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यावाच लागतो, धंदा असो नसो. डिझेल वाचवणारा खर्चही टिकतो, उदाहरणार्थ यार्डातल्या क्रेन विजेवर नेणं. कात्री लागते ती देखभालीला. धूळ दाबायला पाणी मारणाऱ्या स्प्रिंकलरची नोझल तुंबलेलीच राहतात, माणूस निवृत्त झाला की जागा भरत नाहीत. फौंड्रीत धूर-धूळ गाळणाऱ्या बॅग फिल्टरच्या पिशव्या 'पुढच्या ऑर्डरला बघू' म्हणून राहतात, तसंच.

कोळशाचं बघा. मंदीत जहाजं कमी येतात, म्हणून धूळ कमी असेल असं वाटतं. पण उतरलेला माल कुणी उचलत नाही, ढीग महिनोन्‌महिने यार्डात पडून राहतो, आतून तापतो, कधी धुमसायला लागतो. वारा सुटला की सगळं गावाकडं. पाणी मारणं नेमकं तेव्हाच कमी केलेलं असतं! 2009 मध्ये जगातली कंटेनर वाहतूक जवळपास दहा टक्क्यांनी घटली. अशा वर्षी एकूण उत्सर्जन कमी दिसलं तर त्यात व्यवस्थापनाचं श्रेय किती? म्हणून आकडे दर टनामागे किंवा दर कंटेनरमागे काढा, एकूण आकड्यावर जाऊ नका.

उलटं उदाहरण अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस आणि लाँग बीचचं. या शेजारी बंदरांनी हवा सुधारण्याचा संयुक्त आराखडा 2006 मध्ये केला. 1989 पूर्वीच्या ट्रकना बंदी घातली 1 ऑक्टोबर 2008 पासून, म्हणजे लेहमन ही अमेरिकी बँक बुडून जेमतेम पंधरवडा झाला होता. फेब्रुवारी 2009 मध्ये, माल घटलेला असताना, जुन्या ट्रकमधून जाणाऱ्या 20 फुटी कंटेनरमागे 35 डॉलर शुल्कही लावलं. मोठं मन वगैरे काही नाही. आजूबाजूचे रहिवासी कोर्टात गेले होते, टर्मिनलची वाढ अडत होती. हवा सुधारल्याशिवाय पुढची परवानगी मिळणं अवघड होतं. माझ्या मते तुमचं खरं गृहीतक इथं आहे: मंदीत खर्च टिकतो की नाही, हे नफ्यापेक्षा बाहेरून दाब किती आहे त्यावर ठरतं.

माहितीसाठी सहामाही अहवाल बंदरांच्या वेबसाइटवर शोधा, मंदीच्या आधीचे आणि नंतरचे शेजारी ठेवा. आंबा घाट उतरला की किनारा काही लांब नाही. बंदरावर गेलात तर अधिकाऱ्याच्या आधी यार्डात पाणी मारणाऱ्या टँकरवाल्याला गाठा. मंदीत त्याच्या खेपा किती घटल्या, ते त्याच्या बिलबुकात असतं.