जिओकॅशिंग: डबा हुडकायला निघण्याआधी

मागच्या अंकात छंदांच्या पानावर जिओकॅशिंगचा नुसता ओझरता उल्लेख केला आणि प्रश्नांची रांगच लागली. त्यातले चार घेतलेत.

ताई, आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा १२ वर्षांचा, मुलगी ९ ची, विकेंडला दोघंही सोफा सोडत नाहीत. एका मैत्रिणीने जिओकॅशिंग सुचवलं. हे नक्की काय असतं, महागडं काही घ्यावं लागतं का? – एक वैतागलेली आई

महागडं काही नाही गं, फोन आहे ना, झालं. कुणीतरी एक डबा लपवतं, त्याचे अक्षांश-रेखांश जिओकॅशिंगच्या साइटवर टाकतं, बाकीच्यांनी तो शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा जसा होता तसा, होता तिथेच ठेवून द्यायचा, एवढाच खेळ. सुरुवात झाली मे २००० मध्ये. त्याआधी अमेरिकन सरकार सर्वसामान्यांच्या जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळायचं, शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवायचं, ते बंद केलं आणि लगेच ३ मेला डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने ओरेगनमध्ये रानात एक काळी बादली अर्धवट पुरून तिचं लोकेशन इंटरनेटवर टाकलं. आत वही-पेन्सिल, पुस्तकं, गलोल आणि चक्क घेवड्याचा एक सीलबंद डबा. गंमत म्हणजे आजच्या नियमात ती बादली पासच झाली नसती, कारण आता पुरायचं नाही आणि खायचं काही ठेवायचं नाही, वास आला की जनावरं डबा फोडतात.

तर जिओकॅशिंगचं ॲप टाक, फुकटचं खातं उघड. पैसेवाली मेंबरशिप आत्ता नको, पोरांचा उत्साह महिनाभर टिकला तर बघू. नकाशावर घराजवळचे डबे दिसतील, त्यातला ‘ट्रॅडिशनल’ प्रकारचा निवड, म्हणजे दिलेल्या जागीच डबा असतो, कोडं वगैरे सोडवावं लागत नाही. प्रत्येक डब्याला दोन आकडे असतात, शोधायला किती अवघड आणि पोचायला किती अवघड, १ ते ५. तुम्ही दीडच्या वर जाऊ नका. साइज ‘मायक्रो’ नको, ते बोटाच्या पेरापासून फिल्मच्या डबीएवढं असतं आणि पहिल्याच दिवशी मुलं रडकुंडीला येतात. आणि हे विसरू नको, आधीच्या लोकांचे लॉग, म्हणजे त्यांनी साइटवर केलेल्या नोंदी, वाच. गेल्या एक-दोन आठवड्यात कुणाला सापडलाय तोच घे, लागोपाठ तीन-चार जणांनी ‘नाही सापडला’ लिहिलंय म्हणजे डबा बहुतेक गेलेलाच असतो.

आता खरी मेख. फोन तुम्हाला डब्यापर्यंत नेत नाही. तो पाच-सात मीटरपर्यंत आणतो, झाडाखाली त्याहून लांब, आणि मग बाण गरागरा फिरायला लागतो. नवी माणसं तिथे फोनकडे बघत गोल गोल फिरत बसतात. तिथे फोन सरळ खिशात टाकायचा आणि विचार करायचा की मी असते तर कुठे ठेवला असता? जंगलात काटक्या एकाला एक लावून नीट रचलेल्या दिसल्या की समजायचं, वाऱ्याने काटक्या अशा पडत नाहीत. मॉलच्या पार्किंगमध्ये दिव्याच्या खांबाच्या बुंध्याशी पत्र्याचं चौकोनी झाकण असतं बघ, बोल्ट झाकणारं, तुमच्याकडे ते बऱ्याचदा नुसतं बसवलेलं असतं, वर उचललं की आत डबी! रस्त्याकडेच्या लोखंडी कठड्याच्या मागून हात फिरवला तर मॅग्नेटने चिकटलेली किल्लीची डबी लागते. मुलांचे डोळे ह्यात आपल्यापेक्षा तयार असतात, त्यांना आधी शोधू दे, तू मध्ये मध्ये ‘हे बघ इथे’ करू नको.

आत खेळणी-बिळणी असतील तर एक घ्यायचं आणि तेवढ्याच किमतीचं दुसरं ठेवायचं, मोडकी गाडी ठेवून चांगला भोवरा उचलायचा नाही. नंबर कोरलेला धातूचा बिल्ला दिसला तर तो ‘ट्रॅव्हल बग’, तो घरी ठेवायचा नसतो, पुढच्या डब्यात सोडायचा आणि साइटवर नोंद करायची, मालक त्याचा प्रवास बघत असतो. पेन आपलं न्या, आतलं हमखास सुकलेलं असतं. आणि तुमच्या भागात गोचिड्या फार, त्यांच्यापासून ‘लाइम’ नावाचा आजार होतो, तर फुल पँट, मोजे वर ओढलेले, घरी आल्यावर मुलांची अंगं नीट तपासायची. अंगाला लागली की खाज सुटते ती तीन-तीन पानांची पॉयझन आयव्हीची वेल ओळखायला शिकवून ठेव.

भाचा म्युनिकला असतो, दर रविवारी हेच करतो. पुण्यात जमेल का? – एक निवृत्त काका

जमेल काका, पण भाच्याच्या हिशोबाने जाऊ नका. जर्मनीत डबे अक्षरशः लाखांत आहेत, आपल्याकडे तुरळक, आणि त्यातलेही काही नुसते नकाशावर उरलेले, म्हणून शेवटचा लॉग किती जुना आहे ते आधी बघा. त्यापेक्षा मला आपल्याकडे ‘अर्थकॅश’ जास्त पटतो, त्यात डबाच नसतो. एखाद्या भूवैज्ञानिक जागी जायचं, निरीक्षण करायचं आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तो अर्थकॅश तयार करणाऱ्याला पाठवायची. समजा लोणारचं विवर, तर काठावरचे बेसॉल्टचे थर आघाताने कसे उचलले गेलेत हे तिथे उभं राहून बघायला लागतं, गुगल करून भागत नाही. एक विनंती, डबा शोधताना किल्ल्याच्या तटाचा, बुरुजाचा एकही दगड हलवू नका. कुठलाही चांगला डबा तसा लपवलेला नसतोच.

डिसेंबरमध्ये अमेरिकेतून गोव्याला येतोय, तिथून सह्याद्रीत. ट्रेकिंगचा सॅटेलाइट मेसेंजर आणू का, कॅशिंगलाही होईल. – एक वाचक, सॅन होजे

अजिबात आणू नका. सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारी यंत्रं भारतात सरकारी परवानगीशिवाय चालत नाहीत, आणि असं यंत्र बॅगेत सापडलं म्हणून एअरपोर्टवर परदेशी पाहुण्यांना पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या आल्यात, गोव्यातल्याही. फोनवर नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या, रेंज नसली तरी जीपीएस चालतो. सोबत पॉवर बँक.

मला स्वतःचा डबा लपवायचाय, आमच्या स्टेशनबाहेर मस्त जागा आहे! – कॉलेजकुमार, ठाणे

अरे बाबा नको! ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ ही घोषणा रोज ऐकतोस ना? तिथे डबा दिसला तर बॉम्बशोधक पथक येईल. आधी वीस-पंचवीस डबे शोध, म्हणजे चांगला कुठला आणि टुकार कुठला ते कळेल. मग जागेच्या मालकाला विचार, दुसऱ्याचा डबा १६१ मीटरच्या आत नाही ना बघ, आणि पाऊस झेलेल असा घट्ट झाकणाचा डबा घे, आपल्या जुलैत साधी प्लास्टिकची बरणी आठवड्यात तुंबते आणि वहीचा लगदा होतो. साइटचे स्वयंसेवक तपासल्यावरच डबा नकाशावर चढतो. त्यानंतरही अधूनमधून जाऊन वही बदलणं तुझंच काम, तेव्हा सुट्टीत गावी गेल्यावर तिथे ठेवून येऊ असला विचार असेल तर तो सोड, घराजवळचीच जागा बघ.