केस पेपरवर काय लिहिता?

आमच्या खोलीवर 'मनोविकार विभाग' अशी पाटी आहे आणि शेजारी कान-नाक-घसा. निम्मे लोक कान-नाक-घशाच्या बाकावर बसतात. नाव पुकारलं की इकडेतिकडे बघत पटकन आमच्या दारात शिरतात. मराठवाड्यातल्या जिल्हा रुग्णालयात समुपदेशक म्हणून काम करताना मला याची सवय झाली आहे.

हे गृहस्थ तर बाकावरही बसले नाहीत. मुलाला चहाच्या टपरीवर थांबवून एकटेच आत आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) पहिला प्रश्न आजाराचा नव्हताच. "मॅडम, केस पेपरवर नेमकं काय लिहिता? पोरगं पोलीस भरतीची तयारी करतंय. इथं नोंद झाली तर बाद करतील ना?"

हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. मुलगी असेल तर भरतीच्या जागी लग्न. पूर्वी मी "काही होत नाही हो" म्हणून मोकळी व्हायचे. ते खोटं होतं. लोक नावं ठेवतात हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. त्यामुळे आता जे ठामपणे सांगता येतं तेवढंच सांगते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 23 नुसार रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणं आमच्यावर बंधनकारक आहे. कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा न्यायालयाने आदेश दिला, असे मोजके अपवाद आहेत. पण गावात, भावकीत किंवा भरतीच्या ऑफिसात इथून आपोआप कागद जात नाही. उद्या तपासणीत कुणी थेट विचारलं तर मात्र खोटं बोलायचं नाही, हेही सांगते. ते ऐकून वडील जरा नाराज झाले, पण टपरीवरून मुलाला घेऊन आले.

मुलगा बावीस वर्षांचा. आठ महिन्यांपूर्वी पहाटे ग्राउंडवर 1600 मीटर धावताना छाती धडधडली, हातपाय गार पडले आणि आता मरणार असं वाटलं. त्याआधी तीन रात्री नीट झोप नव्हती. ईसीजी, टूडी इको, थायरॉईड सगळं नॉर्मल आलं. मग आजीने 'बाहेरचं आहे' म्हणून देवऋषी केला. आजीवर माझा राग नाही. निदान तिने कुणाला तरी दाखवलं. "रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नको" म्हणून परत पाठवणाऱ्यांवर आहे.

तोवर त्याचं ग्राउंड सुटलं. मग तालुक्याला जायची एसटी, मग अभ्यासिका. एका रात्री गच्चीवरून त्यानेच 14416 ला फोन लावला. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची ही मोफत सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं. आमच्या ओपीडीचा पत्ता त्याला तिथूनच मिळाला.

त्याला होत होते पॅनिक अटॅक. धोका नसताना शरीर धोक्याची घंटा वाजवतं. धडधड वाढली की माणूस घाबरतो आणि घाबरला की धडधड आणखी वाढते. भीती साधारण दहा मिनिटांत टोकाला जाते आणि मग ओसरते. या मुलाची पंचाईत अशी की धावलं तरी छाती तशीच धडधडणार. म्हणजे ज्या कामाची तयारी, त्याचीच भीती.

डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे जातात, हे पहिल्याच दिवशी सांगावं लागतं. नाहीतर पाचव्या दिवशी "फरक नाही" म्हणून बंद होतात. "आयुष्यभर घ्याव्या लागतील का?" याचं उत्तर, नाही. बरं वाटल्यावरही काही महिने घ्यायच्या आणि डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी करायच्या.

माझ्या खोलीत आम्ही वेगळाच उद्योग केला. हृदय ठणठणीत असल्याचे रिपोर्ट हातात होतेच. मी त्याला जागच्या जागी एक मिनिट धावायला लावलं, मग मनगट धरून नाडी मोजायला सांगितली. "कसं वाटतंय?" "तसंच. अटॅकसारखं." "मरतोयस?" तो हसला. घरी रोज तेच. मग गल्लीत, मग एसटीने दोन थांबे आणि सातव्या आठवड्यात ग्राउंड. तिथे त्याला एकदा अटॅक आला. तो कडेला बसून राहिला, ओसरल्यावर उरलेल्या दोन फेऱ्या त्याने चालत पूर्ण केल्या. मला विचाराल तर त्या दोन फेऱ्या सगळ्यात मोठ्या होत्या.

भरतीत त्या वर्षी लेखी परीक्षेत मार्क कमी पडले. गावात वडील अजून सांगतात, पोराची पोटाची ट्रीटमेंट चालू आहे. मी त्यांना खोडत नाही.

परवा मुलगा अचानक समोर. पुन्हा झोप उडाली होती, छातीत तसंच सुरू झालं होतं. "कधीपासून?" विचारलं, तर म्हणाला, "रविवारपासून." त्या दिवशी बुधवार होता. वडील बाहेर कान-नाक-घशाच्या बाकावर बसले होते.