निरोप्याचे काम आता थांबवा

तुमचे पत्र वाचले. वडील पाटबंधारे खात्यातून 58व्या वर्षी निवृत्त झाल्यापासून नाशिकच्या घरात आई-बाबा जेमतेम बोलतात, आई वेगळ्या खोलीत झोपते, ‘बाबांना सांग, गॅसचा नंबर लावा म्हणावं’ असे निरोप बंगळुरूहून तुम्हाला पोहोचवावे लागतात, आणि लग्नाच्या 40व्या वाढदिवसाचा समारंभ केला तर पूर्वीची माया परत येईल का, असे तुम्ही विचारता.

समारंभ करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चारचौघांत हार घालायला लावल्याने त्या दोघांना केवळ तुमच्यासाठी नाटक करावे लागेल.

वेगळी खोली मी फारशी मनावर घेणार नाही. घोरणे, रात्री उठावे लागणे, पंख्यावरून होणारी कुरबुर यांमुळे साठीच्या आसपास अनेक जोडपी वेगळी झोपतात. मला खटकले ते तुम्ही ओझरते लिहिलेले: आई ‘जेवून घ्या’ म्हणते, बाबा उत्तर देत नाहीत, आणि पुन्हा हाक न मारता ती ताट झाकून आत निघून जाते. टीव्हीचा आवाज अलीकडे फार मोठा असतो, हेही तुम्हीच लिहिले आहे. वयोमानाने ऐकू कमी येऊ लागते तेव्हा बहुधा उंच पट्टीचे आवाज आधी जातात. समोरचा मुद्दाम लक्ष देत नाही, असा समज मग साचत जातो. म्हणून आधी बाबांची कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे श्रवणचाचणी करून घ्या. सगळा दुरावा तेवढ्याने आला असेल, असे नाही. यंत्र लावल्यावर टोमणेही स्पष्ट ऐकू येतील, हा धोका आहेच.

निरोप पोहोचवणे मात्र आजच थांबवा आणि ‘आई, ते तूच सांग’ एवढेच म्हणा. तिच्याशी एकटीशी बोलाल तेव्हा प्रेमाबद्दल विचारू नका. इतकी वर्षे दिवसभर तिच्या ताब्यात असलेल्या स्वयंपाकघरात आता फोडणीला तेल जास्त पडल्याचे सांगणारे कोणी उभे असते, तेव्हा तिला काय वाटते, ते विचारा. बोलण्यातून अपमान, धाक किंवा पैशांची अडवणूक पुढे आली, तर तिला वकिलाकडे न्यायला संकोच करू नका. 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही येतो.

तसे काही नसेल, तर लहानपणी पाहिलेले आई-बाबा परत हवे आहेत ते तुम्हाला, हे एकदा मान्य करा. त्या दोघांना काय हवे आहे, हे त्यांनाच ठरवू द्या.