पॉलिसी अपडेटनंतर डेस्कटॉप बदलला, तरी मराठी ठराव शाबूत आहेत

ताई, आधी एकच विनंती. ते जुने ठराव पुन्हा टाइप करायला घेऊ नका, आणि सगळा मजकूर सिलेक्ट करून फॉन्ट बदलून तर अजिबात सेव्ह करू नका. तुमच्या फाइली बिघडलेल्या नाहीत.

तुम्ही लिहिलंय, की खानापूरच्या तुमच्या पतसंस्थेत मुख्य शाखेच्या ॲडमिननं शनिवारी कॉम्प्युटर पॉलिसी, म्हणजे सगळ्या मशीनना तिथूनच लागू होणारे सेटिंगचे नियम, बदलली. सोमवारी मशीन लावलं तर वॉलपेपर काळा, आयकॉन गायब, पर्सनलायझेशनची सेटिंग बदलता येईना, आणि मराठी ठरावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता काला. सगळं एकाच सकाळी दिसलं म्हणून एकच बिघाड वाटतो. पण यांची कारणं वेगवेगळी असतात.

वॉलपेपरचं सोपं आहे. पॉलिसीत चित्राचा पत्ता सर्व्हरवरचा दिलेला असतो. लॉगिन होताना शाखेचं नेटवर्क लागलेलं नसेल, तर चित्र सापडत नाही आणि पडदा काळा राहतो. पावसात खानापूरकडं लाइन कशी असते, तुम्हाला सांगायला नको. ‘काही सेटिंग तुमच्या संस्थेकडून नियंत्रित’ अशा अर्थाची ओळ दिसली, की कुलूप पॉलिसीनं घातलंय हे नक्की. कुणी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत, हात घालून ते काढून देतो म्हणाला तर देऊ नका. साधारण ९० ते १२० मिनिटांनी मशीन पॉलिसी पुन्हा तपासतं, आणि ती पुन्हा लागू झाली की केलेलं सगळं पुसलं जातं.

आयकॉनसाठी फाइल एक्सप्लोररमधून डेस्कटॉप फोल्डर उघडा. तिथं फाइली दिसल्या तर त्या फक्त लपवल्यात. मात्र ‘टेम्पररी प्रोफाइल’, म्हणजे तात्पुरतं खातं उघडलंय, असा संदेश आला असेल, तर त्या मशीनवर काही सेव्ह करू नका. लॉगआउट केलं की ते जातं.

आता मराठीचं. तुमचे जुने ठराव युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा संकेत असलेल्या पद्धतीत, नाहीत. त्या काळच्या फॉन्टांत फाइलीच्या आत इंग्रजी अक्षरांचेच संकेत असतात, त्यांच्यावर मराठी अक्षराचं चित्र फॉन्ट चढवतो. फॉन्ट निघाला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. नुडी या कन्नड सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेली जुनी पत्रंही तशीच दिसू शकतात, एखादं उघडून बघा की. उलट युनिकोड मराठी, म्हणजे फाइलीचं मराठी नाव किंवा ब्राउझरमधलं पान, नीट दिसत असेल तर फॉन्टच निघाल्याचा संशय पक्का होतो.

फॉन्ट गेला कुठं? विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून साध्या युजरनं फॉन्ट इन्स्टॉल केला, की तो विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये न जाता त्या युजरच्या स्वतःच्या ॲपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये बसतो. आणि ‘अनट्रस्टेड फॉन्ट ब्लॉकिंग’ नावाची एक कॉम्प्युटर पॉलिसी आहे. ती चालू झाली, की विंडोजच्या फॉन्ट फोल्डरबाहेरचा फॉन्ट लोडच होत नाही. मशीन रीस्टार्ट झाल्यावर ती लागू होते, म्हणून तुम्हाला सोमवारी दिसलं. शेजारच्या टेबलावरच्या मशीनवर तोच ठराव बरोबर दिसतो असं तुम्ही म्हणालात. तिथं फॉन्ट इंजिनिअरनं सगळ्या युजरसाठी बसवला असणार.

ही पॉलिसी बंद करा असं मात्र सांगू नका. फॉन्टच्या फाइलीतूनही मशीनवर हल्ला होऊ शकतो, आणि तुमच्याकडं लोकांच्या ठेवी आहेत. ॲडमिनला एवढंच लिहा: ‘इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या घडामोडींच्या नोंदीत) विन३२के, ऑपरेशनल या लॉगमध्ये २६० क्रमांकाची नोंद बघा, आणि ती असेल तर आमचा मराठी फॉन्ट सर्व युजरसाठी इन्स्टॉल करा.’ फॉन्टची सीडी सापडत नसेल तरी काळजी नको. मूळ फाइल तुमच्या ॲपडेटामध्ये, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स या वाटेनं गेलं की तशीच पडून असते. आधी तिची एक कॉपी पेन ड्राइव्हवर घ्या. पेन ड्राइव्ह बंद असेल तर तीच वाट ॲडमिनला कळवा.

सुरुवातीला एवढं बजावून सांगितलं, त्याला कारण आहे. निपाणीकडच्या एका कार्यालयात असाच प्रकार झाला होता. तिथल्या क्लार्कनं घाबरून सगळा मजकूर सिलेक्ट केला, निर्मला यूआय हा विंडोजचा युनिकोड फॉन्ट दिला आणि सेव्ह केलं. त्या पत्रांत एक परिच्छेद मराठी, एक कन्नड, खाली खाते क्रमांक आणि पत्ता इंग्रजीत. आपल्या भागातलं नेहमीचंच पत्र. नुसतं मराठी असतं तर जुना फॉन्ट पुन्हा देऊन काम झालं असतं. पण कुठल्या ओळीला कुठला फॉन्ट होता ही खूणच पुसली गेली. छापील प्रती शेजारी ठेवून एकेक ओळ लावत मी आणि तो मुलगा तीन दिवस बसलो होतो. त्याचा चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही. चूक त्याची नव्हती, त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

फॉन्ट बसला, की मशीन एकदा रीस्टार्ट करा. मग तिन्ही भाषा असलेला एक ठराव उघडा, त्याची प्रिंट काढा आणि जुन्या छापील प्रतीशी रफार, जोडाक्षरं आणि आकडे ताडून बघा. ते जुळलं, की मगच बाकीच्या मशीनना हात लावायला सांगा.