बाळाचा फोटो, आत्याचं स्टेटस

(दत्तक आणि सोशल मीडियाबद्दल वाचकांनी विचारलेले चार प्रश्न. उत्तरं दत्तक प्रक्रियेत काम करणाऱ्या समुपदेशक आणि वकिलांनी मिळून दिली आहेत.)

पाच आठवड्यांपूर्वी आमची दहा महिन्यांची लेक घरी आली. दत्तकाचा आदेश अजून व्हायचा आहे. नणंदेनं हौसेनं फेसबुकवर फोटो टाकला: संस्थेच्या दारातला, आम्हा तिघांचा, तारखेसकट. काढा म्हटलं तर "लाज वाटते का तुम्हाला दत्तकाची?" असं ऐकावं लागलं. आमचं चुकतंय का? (कोथरूड)

तुमचं बरोबर आहे. फोटो आजच काढायला सांगा.

कायद्यापासून सुरुवात करू. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश होईपर्यंत बाळ तुमच्याकडे दत्तकपूर्व संगोपनासाठी असतं. कायद्यानं ते अजून तुमचं झालेलं नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७४ काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून आदेश हातात पडेपर्यंत चेहरा दिसणारा एकही फोटो जाहीर जागी नको.

पण खरी अडचण चेहऱ्याची कमी आणि तपशिलांच्या जोडणीची जास्त आहे. संस्थेचं दार, घरी आल्याची तारीख आणि बाळाचं वय एकत्र आलं, की जिनं बाळ तिथं सोपवलं तिला, तिच्या माहेरच्यांना किंवा तिला धमकावू पाहणाऱ्या कुणालाही तुमचं घर सापडू शकतं. शिवाय हीच पोस्ट सहावी-सातवीत वर्गातल्या कुणाच्या तरी हाती लागते. मग लेकीची गोष्ट तिच्याआधी वर्गाला कळते. हे दुखणं पुढं अनेक वर्षं निस्तरावं लागतं.

नणंदेला पोस्ट पूर्ण डिलीट करायला सांगा. मजकूर बदलून किंवा "फ्रेंड्स" पुरती ठेवून भागत नाही. मूळ पोस्ट गेली की तिचे शेअरही जातात. पण कुणी फोटो उतरवून पुन्हा टाकला असेल तर त्या-त्या माणसाला फोन करावा लागतो. व्हॉट्सॲपवर "डिलीट फॉर एव्हरीवन" साधारण अडीच दिवसच चालतं, आणि ज्यांच्या गॅलरीत फोटो आपोआप उतरला त्यांच्याकडे तो राहू शकतो. म्हणून ज्यांना फोटो पाठवायचे अशा पाच-सहा माणसांचा वेगळा छोटा ग्रुप करा आणि मोठ्या ग्रुपवर बाळाचे फोटो टाकणं थांबवा.

लाजेच्या मुद्द्यावर नणंदेला एवढंच सांगा: "माझी भाची आली असं खुशाल सगळ्यांना सांगा. ती कुठून आली, हे मात्र तिला सांगू दे." पुण्यात १९७९ मध्ये जन्मलेली, ससून रुग्णालयाच्या आवारातल्या श्रीवत्स या बालसंस्थेतून दत्तक गेलेली लिसा स्थळेकर पुढं ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाची कर्णधार झाली. आपल्या दत्तकाबद्दल ती मोकळेपणानं बोलते. पण ती मोठी होऊन स्वतः बोलते. दहा महिन्यांच्या बाळाच्या वतीनं ते कुणी बोलायचं नसतं.

आणि तो दारातला फोटो फेकू नका. चांगल्या कागदावर दोन प्रती काढा, घरच्या अल्बममध्ये लावा. दोन-अडीच वर्षांची झाली की तोच अल्बम मांडीवर घेऊन "तू आमच्याकडे कशी आलीस" ही गोष्ट सांगायला लागा. आदेशानंतर वाढदिवसाचे, सहलीचे फोटो टाकायला हरकत नाही. फक्त संस्थेचं नाव, बाळाचं आधीचं नाव, आजारपणाचा तपशील आणि नावाला चिकटून "दत्तक" हा शब्द नको.

"रुग्णालयाबाहेर बाळ सापडलं, आईवडील मिळेपर्यंत शेअर करा" असे फोटो येतात. पुढं पाठवावेत का? (हडपसर)

नाही. बाळ सापडलं तर २४ तासांत १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी, पोलीस किंवा बालकल्याण समितीला कळवणं बंधनकारक आहे. पालकांचा शोध घेणं, वर्तमानपत्रात निवेदन देणं ही सरकारी यंत्रणेची कामं आहेत. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी त्याला दोन महिने आणि त्याहून मोठ्या मुलासाठी चार महिने दिलेले असतात. फॉरवर्डला मात्र मुदत नसते. बाळ नव्या घरी रुळलं तरी तो फोटो फिरतच राहतो.

नोंदणी करून तीन वर्षं झाली, नंबर लागत नाही. फेसबुकच्या एका ग्रुपवर एका बाईंनी कळवलं: "नवजात मुलगी आहे, चार लाख, जन्मदाखल्यावर थेट तुमचं नाव येईल, नर्स आमची आहे." यात धोका किती? (पिंपळे सौदागर)

हे दत्तक नाही, खरेदी आहे. विधिवत प्रक्रियेबाहेर मूल देणं-घेणं हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८० खाली गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड, किंवा दोन्ही. विकत देणं-घेणं कलम ८१ मध्ये येतं: पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड. ज्याच्या ताब्यात बाळ आहे अशानं, अगदी रुग्णालयातल्या नर्सनं हे केलं, तर शिक्षा किमान तीन आणि कमाल सात वर्षं. विकत घेणाऱ्यालाही यात सूट नाही.

असे व्यवहार पुढं कुठं उलटतात? खोट्या जन्मदाखल्यावर नाव चढतं, पण दत्तकाचा आदेश नसतो. कुणी तक्रार केली किंवा टोळी पकडली गेली, की बाळ समितीच्या ताब्यात जातं. तोवर ते तुम्हाला आई-बाबा म्हणत असतं. त्याच्या आईचं काय होतं, तेही पाहा. कायद्यानं बाळ सोपवणाऱ्या आईला निर्णय फिरवायला ६० दिवस मिळतात, समितीसमोर समुपदेशन मिळतं. इथं तिच्या हातावर थोडे पैसे ठेवून तिला घरी पाठवतात. कधी तर बाळ दगावल्याचं तिला खोटंच सांगितलेलं असतं.

नोटरीच्या स्टँप पेपरवरचं दत्तकपत्र दाखवलं तरी फसू नका. नात्यातल्या दत्तकाला कायद्यात वाट आहे, पण हिंदू दत्तक कायद्यानंही, म्हणजे १९५६ पासून, दत्तकासाठी पैशांची देवघेव निषिद्ध आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेत "आईबाप गेलेली दोन बाळं, या नंबरवर फोन करा" असे मजकूर गावोगाव फिरले, तेव्हा जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशी आवाहनं आणि बेकायदा दत्तकं रोखण्याचे आदेश राज्यांना दिले होते.

आता करायचं ते असं. भाव करू नका, आणखी माहिती काढायचा प्रयत्नही नको. ग्रुपचं नाव, प्रोफाइलची लिंक, नंबर, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या आणि मग ब्लॉक करा. १०९८ वर किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीवर. कारा, म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या नावाच्या नकली साइट्सही असतात. खऱ्या पोर्टलचा पत्ता "जीओव्ही डॉट इन"नं संपतो. ठरलेलं शुल्क पावतीनिशीच भरायचं असतं, कुणाच्या खासगी खात्यावर कधीच नाही.

वाट पाहणं किती जड जातं, हे आम्हाला ठाऊक आहे. या काळात होम स्टडीची, म्हणजे तुमच्या घरच्या पाहणीच्या अहवालाची मुदत तपासा (ती तीन वर्षं चालते, म्हणजे तुमची आता संपत आली असेल), पसंतीचा वयोगट पुन्हा बोलून पाहा आणि पोर्टलवरचा मोबाइल नंबर चालू ठेवा. बाळाची माहिती आल्यावर ते राखून ठेवायला फक्त ४८ तास असतात. जुन्या नंबरमुळे ते हुकू शकतात.

आमची लेक १६ वर्षांची. दत्तक असल्याचं तिला लहानपणापासून माहीत आहे. आम्हाला न सांगता तिनं जन्मतारीख आणि जन्मगाव लिहून त्या तालुक्याच्या ग्रुपवर "आईला शोधतेय" अशी पोस्ट टाकली. आता एक बाई म्हणते "मीच तुझी आई", आणि उपचारासाठी पैसे मागते. लेक आमच्याशी बोलत नाही. (सिंहगड रोड)

फोन काढून घेऊ नका. तिनं शोधलं म्हणजे तुमचं प्रेम कमी पडलं, असंही नाही. पहिलं वाक्य एवढंच असू दे: "तुला जाणून घ्यायचंय, ते बरोबर आहे. आपण मिळून शोधू." मग दोघींनी मिळून त्या बाईशी झालेल्या संभाषणाचे स्क्रीनशॉट घ्या, पोस्ट डिलीट करा, पैसे पाठवू नका, फोटो-पत्ता देऊ नका. ती बाई जे सांगते आहे त्यातलं पोस्टमध्ये आधीच नव्हतं असं काय आहे, हे लेकीलाच तपासू द्या. बहुतेक वेळा काहीच नसतं.

आता योग्य रस्ता, ज्याला मूळ शोध म्हणतात. १८ पूर्ण झाल्यावर दत्तक व्यक्ती स्वतः काराच्या पोर्टलवर अर्ज करू शकते; त्याआधी आईवडिलांसोबत संयुक्त अर्ज करता येतो. त्यामुळे लेकीला दोन वर्षं थांबवायची गरज नाही. तिसऱ्या कुणाला, म्हणजे पैसे घेऊन शोध घेणाऱ्या एजंटला किंवा उत्साही ग्रुपला, हा अधिकार नाही. अर्जाआधी घरातली फाईल, म्हणजे दत्तकावेळी मिळालेले बाळाच्या पार्श्वभूमीचा (चाइल्ड स्टडी) आणि वैद्यकीय असे दोन्ही अहवाल, तिच्यासोबत वाचा. बाळ सोपवलेलं होतं की सापडलेलं, हे त्यात कळतं. सापडलेलं असेल तर आईचं नाव बहुधा नोंदीतच नसतं, आणि हे तिला आधी कळलेलं बरं.

आईनं नकार दिला किंवा ती सापडली नाही, तर ओळख मिळत नाही. बाळ कोणत्या परिस्थितीत सोपवलं ती कारणं मात्र सांगितली जातात. मुलांना हे अन्यायाचं वाटतं. पण दुसऱ्या बाजूनंही पाहायला हवं. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथं विधवा आल्या त्या आपलं नाव बाहेर जाणार नाही या भरवशावर. तिथंच जन्मलेल्या यशवंतला त्या दोघांनी दत्तक घेतलं. आजही बाळ सोपवणाऱ्या आईला तोच भरवसा दिलेला असतो. पुढं तिचं लग्न झालेलं असेल, घरात एकच फोन असेल आणि तो मुलाच्या हातात असेल. अशा फोनवर "तू माझी आई आहेस का?" हा मेसेज आला तर तिचं काय होईल, याची कल्पना लेकीला तुम्ही शांतपणे द्या. संस्थेमार्फत गेलेला निरोप आधी समुपदेशक तिला एकटीला गाठून देतो.

अर्ज केल्यावर उत्तराला वेळ लागतो. त्या काळात लेकीला आईला पत्र लिहायचं असेल तर लिहू द्या. परस्पर कुठंही न पाठवता ते संस्थेच्या फाईलला जोडायची विनंती करा. आई कधी संस्थेत चौकशीला आलीच, तर ते तिथं असेल.