इंग्रजी व्याकरण: ‘ऑल्दो’नंतर ‘बट’ का नको?

दहावीची परीक्षा जवळ आली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडून त्याच त्या शंका येतात. त्यांतल्या काहींची उत्तरं.

फ्रेज आणि क्लॉज कसे ओळखायचे? (विद्यार्थिनी, येळ्ळूर)

क्लॉजमध्ये कर्ता आणि काळ दाखवणारं क्रियापद असतं, फ्रेजमध्ये नसतं. ‘आफ्टर सनसेट’ फ्रेज, ‘आफ्टर द सन सेट’ क्लॉज.

लांब वाक्य म्हणजे कॉम्प्लेक्स, हे खरं का? (विद्यार्थी, निपाणी)

नाही. मुख्य क्लॉजवर अवलंबून असलेला गौण क्लॉज असेल तर वाक्य कॉम्प्लेक्स. ‘आय नो ही लाइज’ चारच शब्दांचं आहे, तरी कॉम्प्लेक्स आहे. शब्द मोजू नका, क्लॉज मोजा.

मुलगा ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेन्ट’ लिहितो. मार्क जातात, कारण कळत नाही. (पालक, खानापूर)

ही चूक वहीवहीत सापडते. मराठीत ‘जरी पाऊस होता तरी आम्ही गेलो’ अशी जोडी लागते, म्हणून मूल ‘तरी’साठी ‘बट’ शोधतं. इंग्रजीत दोन क्लॉजना एक जोडशब्द पुरतो. ‘ऑल्दो’ पहिल्या क्लॉजला गौण करतो, ‘बट’ दोन बरोबरीचे क्लॉज जोडतो. दोन्ही घातले की मुख्य क्लॉजच उरत नाही. ‘ऑल्दो’ काढला तर वाक्य कंपाउंड (दोन बरोबरीचे क्लॉज), ‘बट’ काढला तर कॉम्प्लेक्स, आणि ‘इन स्पाइट ऑफ द रेन, वी वेन्ट’ केलं तर सिंपल (एकच क्लॉज). तिन्ही वाक्यं एकाखाली एक लिहून घ्या. ‘बिकॉज’पुढे ‘सो’, ‘व्हेन’पुढे ‘दॅट टाइम’ याही त्याच सवयी. रोज पाच वाक्यं लिहायला लावा, क्रियापदाखाली रेघ, जोडशब्दाला गोल, आणि वही शिक्षकांना दाखवा. नुसती लाल रेघ आली तर कारण विचारायला लावा. हे पूर्वपरीक्षेपर्यंत लांबवू नका, तोवर सवय मुरलेली असते.

‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही’ बरोबर का? (विद्यार्थी, शहापूर)

चूक. ‘व्हेअर ही इज’ हवं. क्रियापद कर्त्याआधी येतं ते थेट प्रश्नात. इथे प्रश्न वाक्याच्या पोटात गेलाय. मराठीत आणि कन्नडमध्येही अशा वेळी शब्दांचा क्रम बदलत नाही, त्यामुळे आपल्याकडे ही चूक कानाला खटकत नाही.

‘30 दिवसांत संपूर्ण ग्रामर’ असा क्लास लावू का? (पालक, निपाणी)

काळांचा तक्ता 30 दिवसांत पाठ होईल, वाक्य लिहिता येणार नाही. पैसे भरण्याआधी त्यांनी तपासलेली एखाद्या मुलाची वही मागा. दाखवली नाही तर भरू नका. त्याआधी शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंना भेटा. मूल नेमकं कुठे अडतं हे त्यांनी वर्षभर पाहिलेलं असतं.